गिटार डोक्यामागे गेली, अभंग कुठे गेला?

वेंगुर्ले तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते थोडे आटोपते करून येथे देतो.

‘आमचा पाच जणांचा बँड आहे. मी गातो आणि की-बोर्ड वाजवतो, ड्रम, बास आणि पखवाज मित्र सांभाळतात आणि लीड गिटार माझा धाकटा आतेभाऊ वाजवतो. गणेशोत्सव, हळदी, तारकर्लीकडची रिसॉर्ट, किनाऱ्यावरचे पर्यटन महोत्सव अशी कामे आम्हाला मिळतात. आतेभावाचा हात चांगला आहे. पण गेल्या हंगामापासून मंचावर गेला की त्याच्या अंगात काय येते कळत नाही. प्रत्येक गाण्यात पुढे येऊन मॉनिटरच्या स्पीकरवर पाय ठेवायचा, गिटार डोक्यामागे न्यायची, दातांनी तारा छेडायच्या, केस झटकायचे, वायरलेस लावून प्रेक्षकांत उतरायचे आणि सोलो संपवायचे नाव काढायचे नाही. परवा एका महोत्सवात आम्ही शेवटी अभंग ठेवला होता. दुसऱ्या कडव्यानंतर मी आलाप घेत असताना तो मध्येच शिरला. शिट्ट्या पडल्या, सगळे मोबाइल त्याच्याकडे वळले, दहा वाजले, आयोजकांनी आवाज बंद करायला लावला आणि शेवटचे कडवे राहून गेले. त्याला विचारले तर म्हणतो, “दादा, लोकांका ह्याच व्हया.” घरात विषय काढणे कठीण आहे, कारण गिटारसाठी आत्याने कर्ज काढले आहे आणि मी काही बोललो तर मी जळतो असे तिला वाटेल. काय करावे?’

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातील शेवटची भीती मी आधी घेतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. आत्याला तुम्ही जळता असे वाटेल, असे तुम्ही लिहिता. याचा अर्थ ती शंका तुमच्या स्वतःच्या मनालाही कधीतरी शिवून गेली आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपण जीव ओतून गात असताना समोरचे मोबाइल शेजारच्याकडे वळले, तर कोणत्याही गायकाच्या पोटात दुखते. मात्र तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवून वेगळ्या केल्याशिवाय तुम्ही आतेभावाशी बोलायला बसू नये. लोक त्याच्याकडे बघतात, ही एक. तो आलापात शिरला, वेळ खाऊन बसला आणि कडवे राहिले, ही दुसरी. पहिली त्याच्याजवळ नेण्यासारखी नाही, ती तुमची तुम्ही पचवायची आहे. दुसरी मात्र सगळ्या बँडची आहे, पखवाज घेऊन ठेक्याची वाट बघत बसलेल्या मित्राची आहे आणि केवळ अभंगासाठी थंडीत खुर्च्या धरून बसलेल्या मंडळींचीही आहे. बोलायचे ते दुसरीबद्दलच बोला. केस झटकण्याविषयी चकार शब्द काढू नका. केस त्याचे आहेत.

आता त्या करामतींबद्दल. त्या जिमी हेंड्रिक्स या अमेरिकी रॉक गिटारवादकापासून सुरू झाल्या अशी तुमच्या आतेभावाची समजूत असेल, तर ती अर्धवट आहे. अमेरिकेतील मिसिसिपीचे चार्ली पॅटन हे ब्लूज (तिकडच्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) गायक १९२०–३० च्या काळात गिटार गुडघ्यांत धरून आणि पाठीमागे नेऊन वाजवत, आणि पुढे टी-बोन वॉकर यांनी विजेवरची गिटार डोक्यामागे धरून, पाय फाकवत थेट जमिनीपर्यंत बसत वाजवण्याची पद्धत रूढ केली. नाचायला आणि प्यायला जमलेल्या गर्दीपुढे वाजवणाऱ्यांच्या पोटापाण्याचाच तो भाग होता. हेंड्रिक्स याच परंपरेत दुसऱ्यांच्या मागे उभे राहून वाजवत तयार झाले. १९६५ च्या सुमारास ते लिटल रिचर्ड या बड्या गायकाच्या साथीला होते, आणि तेथे त्यांच्या उशिरा येण्यावरून, भपकेबाज कपड्यांवरून आणि मंचावरील चाळ्यांवरून खटके उडत असत. तुमची अडचण किती जुनी आहे ते यावरून लक्षात येईल. अर्थात लिटल रिचर्ड स्वतः पियानोवर पाय ठेवून गाणारे होते, तेव्हा त्यांची तक्रार संयमाच्या बाजूने होती असे म्हणवत नाही. मंच माझा आहे, एवढेच त्यांना सांगायचे असावे.

पुढे १८ जून १९६७ रोजी माँटेरीच्या महोत्सवात हेंड्रिक्स यांनी गिटार पेटवली आणि ते छायाचित्र जगभर गेले. त्या छायाचित्रात दिसत नाही ते असे की गिटार पेटली ती अगदी शेवटच्या गाण्यात, आणि त्याआधीचा सबंध कार्यक्रम त्यांनी तोलामोलाने वाजवून काढला होता. शिवाय त्या दिवशी ते स्वतःच्या नावावर, स्वतःच गात होते. कोणाचा आलाप तोडून त्यांनी काडी ओढली नव्हती. आतेभाऊ हेंड्रिक्सचे नाव घेईलच, तेव्हा हे तुमच्या हाताशी असू द्या.

त्याला सांगण्यासारखी दुसरी हकीकत पीट टाउनशेंड यांची आहे. १९६४ मध्ये लंडनच्या हॅरो भागातील एका हॉटेलात ‘द हू’ या बँडचा कार्यक्रम चालू असताना गिटार उंच नेताना ठेंगण्या छताला लागली आणि तिचे वरचे टोक तुटले. लोक फिदीफिदी हसले. त्यावर त्यांनी उरलेली गिटारही आपटून फोडली, जणू ते आधीच ठरले होते. अपघात झाकण्याची ही युक्ती इतकी गाजली की पुढे लोक गिटार फुटण्याचीच वाट बघू लागले, आणि ज्या माणसाने रॉक संगीतातील काही उत्तम रचना लिहिल्या त्याला वर्षानुवर्षे मोडक्या गिटारींचा खर्च सोसावा लागला. ‘लोकांका ह्याच व्हया’ हे वाक्य खरे असते, पण लोकांना ते हवे असण्याची सवय वाजवणाऱ्यानेच लावलेली असते आणि मग ती मोडायला तोच घाबरतो. तुमच्या आतेभावाचे वय बघता ही गोष्ट त्याला आजच कळलेली बरी.

हे झाले इतिहासाचे. खरा मुद्दा आवाजाचा आहे, आणि तेथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. दिसायला अवघड असलेल्या यांपैकी बहुतेक गोष्टी वाजवायला फारशा अवघड नसतात. डोक्यामागे गिटार नेली तरी डावा हात त्याच गळ्यावर, त्याच पट्ट्यांवर असतो. पाच स्वरांचा एक पाठ झालेला साचा बोटांत बसला असेल, तर न बघता तो कुठेही फिरवता येतो. दातांनी वाजवण्यातही बहुतेक स्वर डाव्या हाताची बोटे पट्टीवर आपटून आणि ओढून निघतात, आणि आवाज फुगवणारे ओव्हरड्राइव्हचे पेडल पुरेसे चढवलेले असल्याने तेवढ्या स्पर्शानेही स्वर मोठा ऐकू येतो. पण या उलाढालीत उजव्या हाताचा तळवा तारांवरून सुटतो, आणि तो तळवाच नको असलेल्या तारा दाबून धरत असतो. मग दोन स्वरांच्या मधल्या जागेत मोकळ्या तारा गुणगुणू लागतात, पेडलमुळे ती गुणगुण फुगते आणि तुमचा आलाप तिच्यात बुडतो. तार खेचून वरच्या स्वराला नेतानाही हात अडनिड्या कोनात असल्यामुळे ती पुरती पोचत नाही. स्वर जरा खालीच राहतो. शेजारी की-बोर्ड असेल, ज्याचा स्वर जागचा हलत नाही, तर हा उणेपणा लपत नाही. तुमचा कान दुखला तो मत्सराने नव्हे. कोमल आणि शुद्धच्या मधल्या अधांतरी जागेमुळे दुखला असण्याची शक्यता अधिक आहे.

प्रेक्षकांत उतरण्याचे तर गणितच मांडता येते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे वाळूवर मंचापासून ३५ मीटर दूर गेलेल्या माणसाला मुख्य स्पीकरमधील ड्रम सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि तिचा पाचवा हिस्सा तो ऐकतानाच मागे पडलेला असतो. तो जे ऐकतो त्याच्यावर वाजवतो, वायरलेसमुळे त्याचे वाजवणे मात्र लगेच मंचावर पोचते, आणि पुढच्या रांगांत बसलेल्यांना गिटार ठेक्याच्या मागे रेंगाळताना ऐकू येते. त्याला स्वतःला हे चटकन कळत नाही, कारण त्याची बोटे त्याला ऐकू येणाऱ्या ठेक्याशी जुळलेली असतात. पखवाजवाला मित्र अशा वेळी कपाळाला आठ्या घालून बसलेला तुम्ही पाहिला असेल. कानात घालायचे मॉनिटर परवडत असतील तर ही अडचण सुटते. परवडत नसतील तर उतरणे पहिल्या रांगेपर्यंतच ठेवावे.

या सगळ्याचा अर्थ मंचावर खांब होऊन उभे राहावे असा मी काढत नाही, आणि तुम्हीही काढू नका. कोकणच्या माणसाला अंगविक्षेपांचे वावडे असते तर दशावतार टिकलाच नसता. राक्षस तलवार घेऊन गिरक्या घेतो, पखवाज आणि झांज कडाडतात, आणि रात्री दोन वाजता पेंगणारी माणसे ताठ होऊन बसतात. कोणी त्याला थेर म्हणत नाही, कारण आख्यान त्या क्षणी युद्धाला आलेले असते. संकासुर तर प्रेक्षकांच्या खोड्याच काढतो, पण तो मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतारात येतो, आपले काम करतो आणि निघून जातो. पुढच्या आख्यानात शोकाचा प्रसंग चालू असताना मध्येच येऊन उड्या मारत नाही. डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचे, उदाहरण तुम्हाला आणखी जवळचे वाटेल. समोरच्या बुवाला टोमणे, कोट्या, हातवारे, पेटीवरून अर्धे उठून दिलेली दाद, सगळे तेथे असते आणि लोक ते ऐकायला मैलोन्‌मैल येतात. पखवाजवालाही मान हलवून, घामाने निथळत असा काही वाजवतो की बघत राहावे. पण तो तसा वाजवतो गजर टिपेला पोचला की. बुवा अभंगाची ओळ शांतपणे मांडत असताना त्याने तसे केले तर समोरचा बुवा नव्हे, श्रोतेच त्याला सुनावतील. तुमच्या आतेभावाने डबलबारी लहानपणापासून ऐकली असणार. त्याला ही समज नव्याने द्यायची नाही. गिटार गळ्यात घातली की ती विसरायची नसते, एवढेच सांगायचे आहे.

साथ म्हणजे कमीपणा, असे हल्ली पुष्कळ मुलांना वाटते. त्याला अहमदजान थिरकवा यांचे नाव सांगा. स्वतंत्र तबलावादनात ज्यांच्या बरोबरीला क्वचितच कोणी बसेल असा हा वादक अनेक वर्षे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरत होता, आणि त्या ठेक्यावर लोक पदाइतकेच खूश असत. गिटारीतलेच हवे असेल तर ब्लूज गायक आणि गिटारवादक बी. बी. किंग घ्या. ते गात तेव्हा गिटार गप्प असे आणि गिटार बोलू लागली की ते गप्प बसत; ओळ गळ्याची, उत्तर तारांचे. चेहरा मात्र असा वेडावाकडा होई की जणू कोणी दाढ उपटत आहे, आणि तरीही त्यात कोणाला दिखावा वाटला नाही, कारण तो चेहरा त्या खेचलेल्या, थरथरणाऱ्या एका स्वराबरोबरच हलत असे. तुमच्या आलापाला असे उत्तर त्याने दिले असते, तर आज तुम्ही मला पत्र लिहिलेच नसते.

आता प्रत्यक्ष करायचे काय? कार्यक्रम संपल्या संपल्या, वायरी गुंडाळताना बोलू नका. तेव्हा त्याच्या कानात शिट्ट्या घुमत असतात आणि तुमच्या डोक्यात राहिलेले कडवे. दोन-तीन दिवस जाऊ द्या. दरम्यान पुढच्या कार्यक्रमाला साउंडवाल्याला सांगून मिक्सरमधून थेट ध्वनिमुद्रण घ्या. आजकालच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये पेनड्राइव्ह लावला की ते होते, आणि नसेल तर मिक्सरच्या बाहेर पडणाऱ्या वायरीवर छोटा रेकॉर्डर बसतो. हे मुद्रण नुसते ऐकायचे आहे; चित्र नको. आतेभावाने आजवर स्वतःचे जे काही पाहिले आहे ते लोकांच्या मोबाइलवरचे तुकडे आहेत, आणि त्यांत केस, दिवे, धूर आणि आरडाओरडा एवढेच पोचते. त्याला घरी बोलावून, चहा देऊन, काही न बोलता तो सोलो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवा. ज्याचा हात चांगला आहे असे तुम्ही स्वतः म्हणता, त्याच्या कानाला मोकळ्या तारांची गुणगुण आणि मागे पडणारी लय तुमच्याआधी कळेल. मुद्रणात सगळे स्वच्छ निघाले, तर मात्र तुम्हाला आपली तक्रार वेळेपुरती आणि जागेपुरती मर्यादित करावी लागेल, आणि तशी ती प्रामाणिकपणे करा.

नंतर गाण्यांची यादी घेऊन बसा आणि सोलोची लांबी आवर्तनांत ठरवा. ‘थोडे कमी वाजव’ या वाक्याला मंचावर काही अर्थ नसतो. ‘सोळा आवर्तने’ याला असतो. भजनी ठेका आठ मात्रांचा; मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सोळा आवर्तने म्हणजे एक मिनिट आणि चार सेकंद. हे कमी वाटत असेल तर एडी व्हॅन हेलन यांच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममधला नुसत्या गिटारचा तुकडा त्याला घड्याळ लावून ऐकायला सांगा. रॉक गिटार वाजवण्याची तऱ्हा बदलून टाकणारा तो तुकडा पावणेदोन मिनिटांचाही नाही. सोळावे आवर्तन कोणते हे पखवाजवाल्याने तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणलेला बोल) घेऊन दाखवायचे आणि तिहाईनंतर गिटारचा आवाज पायातल्या पेडलने खाली आणायचा, ही शिस्त तालमीत दोन-चार वेळा गिरवली की बसते. अभंगाच्या आलापात गिटारने फक्त षड्ज–पंचम धरावा किंवा पूर्ण गप्प राहावे, हे मात्र चर्चेला ठेवू नका. गाणारे तुम्ही आहात.

त्याच्याकडून एवढे घ्यायचे तर त्याला काही द्यावेही लागेल, आणि हे मी तडजोड म्हणून सांगत नाही. कार्यक्रमाच्या मध्यावर, हिंदी गाण्यांच्या भरात, एक गाणे सर्वस्वी त्याचे ठेवा. तेथे त्याने मॉनिटरवर चढावे, डोक्यामागे न्यावे, दात लावावेत. तुम्ही की-बोर्डवरून हात काढून बाजूला उभे राहा आणि दिवेवाल्याला त्याच्यावर झोत टाकायला सांगा. जो माणूस आपल्याला जागा मिळणारच नाही या धास्तीत असतो तो प्रत्येक फटीत शिरतो. जागा ठरलेली आहे हे कळले की पुष्कळदा तो इतरत्र शांत होतो. बिल ग्रॅहम हे न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट रंगमंचाचे चालक एक आठवण सांगत असत. १९६९ ची शेवटची रात्र आणि १९७० चा पहिला दिवस मिळून हेंड्रिक्स यांचे तेथे चार खेळ झाले. त्यांतील एका खेळानंतर कसे झाले असे हेंड्रिक्स यांनी विचारले, तेव्हा करामती सगळ्या झाल्या, वाजवणे तेवढे राहिले, अशा अर्थाचे ग्रॅहम त्यांना तोंडावर बोलले. हेंड्रिक्स चिडले, पण पुढच्या खेळाला जवळपास जागच्या जागी उभे राहून असे वाजवले की ग्रॅहम यांनी तसे कधी ऐकले नव्हते. आणि सगळे झाल्यावर, वन्समोअरच्या वेळी, जणू वाकुल्या दाखवत त्यांनी सगळ्या करामती ओळीने करून दाखवल्या. क्रम कसा असावा हे सांगायला मला याहून चांगला किस्सा ठाऊक नाही.

दहा वाजण्याची बाब निराळी आहे आणि तिच्यात आतेभावाइतकीच तुमचीही चूक आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा बारापर्यंत नेऊ शकते, पण तुमचा महोत्सव त्या दिवसांत बसतो की नाही हे आयोजकांना आधीच विचारायला हवे होते. ज्या गाण्यासाठी जीव टाकायचा ते पावणेदहाला सुरू करणे हा जुगार आहे. पुढच्या वेळी अभंग नऊ वीसला घ्या आणि शेवट त्याच्या दणक्याच्या गाण्याने करा; आवाज बंद झालाच तर त्याचा सोलो तुटेल, तुमचे कडवे नाही.

आत्याला फोन मात्र तुम्ही आजच करा, आतेभावाशी बसण्याच्या आधी. तक्रार सांगू नका. त्याचा हात चांगला आहे, त्याच्यासाठी एक गाणे वेगळे काढतो आहोत, तालमीला तुम्हीही या, असे सांगा. कर्ज काढून घेतलेली गिटार पोराने कशी वाजवली हे तिने आजवर मोबाइलवरच पाहिले असेल. ती आली तर तिला पुढे बसवा आणि अभंग आधी घ्या. आणि हे सगळे करूनही तो पुढच्या कार्यक्रमात आलापात शिरलाच, तर त्या हंगामातील अभंगाच्या कार्यक्रमांना गिटारशिवाय जा. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर तो पूर्वीपासून उभा आहेच. हळदी आणि रिसॉर्टची कामे त्याच्यासोबत चालू ठेवा, आणि त्याच्या वाट्याचे पैसे कोणत्याही कारणाने कापू नका.